पिट्सबर्ग: बालाजीच्या पुढे दोन दिवस

न्यू जर्सीतली आपली मंडळी पिट्सबर्गला जातात ती पेन हिल्सच्या बालाजीसाठी. सहा तास गाडी हाकायची, दर्शन घ्यायचं, चिंचभात खायचा आणि परत फिरायचं. आम्हीही दोनदा तेच केलं. या जूनमध्ये बाबा कोल्हापूरहून आले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांची तीस वर्षं गेली. पोलादाच्या गावाला जाऊन नुसतं देऊळ बघून परतलो असतो, तर त्यांनी माफ केलं नसतं.

म्हणून पहिला मुक्काम कॅरी फर्नेस. मोनाँगहेला नदीकाठी १९०७ च्या दोन झोतभट्ट्या उभ्या आहेत, सहा नंबर आणि सात नंबर. उंची ९२ फूट. दिवसाला हजार टनांच्या वर लोखंड निघायचं. ते रसाच्या रूपातच रेल्वेच्या पुलावरून पलीकडच्या होमस्टेड कारखान्यात जायचं आणि तिथे त्याचं पोलाद व्हायचं. भट्ट्या १९७८ मध्ये विझल्या, कारखाना १९८६ मध्ये. भट्टीच्या तळाशी, रस काढायच्या तोंडाजवळ बाबा वाकून बघत राहिले. वाळूतल्या चरावरून हात फिरवत म्हणाले, "हितनं रस, आन् तिकडनं स्लॅग. आमच्याकडं हेच, फक्त बारकं." (स्लॅग म्हणजे लोखंडाच्या रसावर तरंगणारी मळी.)

माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी पाळ्यांचा हिशोब सांगितला. रोज बारा तास काम. दर पंधरवड्याला दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना सलग चोवीस तास. पोलाद उद्योगातली ही बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत टिकली. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांना विचार, जेवायला सुट्टी किती?" विचारायचं राहून गेलं, त्याची टोचणी अजून आहे.

ही भट्टी फक्त मार्गदर्शकासोबतच बघता येते आणि हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. तिकीट आधी काढा. बंद बूट हवेतच, चपलांवर आत सोडत नाहीत. दोन तास उभं राहणं आणि पायऱ्या चढणं आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

नदीपलीकडे होमस्टेडच्या जागी आता दुकानांचा मोठा पसारा आहे. वाहनतळाच्या कडेला बारा धुराडी ओळीने उभी ठेवली आहेत. ६ जुलै १८९२ ला कारखान्याच्या याच काठावर, संप मोडायला तराफ्यांतून आणलेले पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीचे तीनशे बंदूकधारी आणि कामगार यांच्यात दिवसभर गोळीबार झाला. दोन्हीकडची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली. मालक अँड्र्यू कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. तो स्वतः १८४८ मध्ये विणकर बापाबरोबर पोटासाठी इथे आलेला पोरगा. संप फसला, संघटना मोडली. पुढच्या काळात स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन, हंगेरियन खेडूत कमी मजुरीवर भट्ट्यांवर लागले. सगळ्यांना मिळून एकच शिवी होती, 'हंकी'.

हे लोक टेकड्यांवर राहिले आणि टेकडीगणिक त्यांनी आपापलं चर्च बांधलं. पोलिश हिलवरचं १९०५ चं चर्च तर रोमच्या सेंट पीटर्सची नक्कलच म्हणा. आम्ही तिथे पोचलो तेव्हा फोनवरच्या नकाशात रस्ता होता आणि समोर चक्क जिना. या शहरात असे सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. त्यांतले काही कागदोपत्री रस्तेच आहेत. पाळी संपली की माणसं यावरून घरी चढायची. गाडी खाली लावा आणि चालत जा.

एकच जागा बघायची झाली, तर मिलव्हेलचं सेंट निकोलस क्रोएशियन चर्च बघा. माक्सो वांका नावाच्या क्रोएशियन चित्रकाराने १९३७ आणि १९४१ मध्ये इथल्या भिंती आणि छत रंगवलं. वेदीमागची मेरी राबून जाड झालेल्या हातांची शेतकरीण आहे. एका भिंतीवर बायका मेलेल्या मजुराभोवती बसून रडतात. दुसरीकडे उंच टोपीवाला भांडवलदार एकटाच जेवतो आहे, हातात शेअरबाजाराचा कागद. आणखी एकीकडे वायूचा मुखवटा घातलेल्या आकृतीच्या हातात तराजू: एका पारड्यात भाकरी, दुसऱ्यात सोनं आणि सोन्याचं पारडं खाली. देवळात असलं काही रंगवायला परवानगी देणाऱ्या त्या पाद्र्याला मी मनातल्या मनात हात जोडले. (वांका रात्री काम करायचा आणि त्याला तिथे दुसऱ्याच एका पाद्र्याचं भूत दिसायचं म्हणतात.) आम्ही न विचारता गेलो आणि कुलूप बघून परतलो. चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी वेळ ठरवून गेलो. चित्रं दाखवायच्या वेळा मोजक्या असतात, आधी बघून घ्या.

युनिव्हर्सिटीच्या ४२ मजली इमारतीत देशोदेशीच्या नावाने सजवलेले वर्ग आहेत. भारताचा वर्ग नालंदाच्या धर्तीवर आहे. सुंदर आहे, पण घाईत असाल तर सोडा. ड्युकेन इन्क्लाइन या टेकडी चढणाऱ्या केबलच्या गाडीवरून संध्याकाळी शहर बघा. ती १८७७ मध्ये सुरू झाली.

हिल डिस्ट्रिक्टमध्ये बघण्यासारखं थोडंच उरलंय. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांची ही वस्ती. १९५० च्या दशकात खालचा भाग पाडून साधारण आठ हजार लोकांना उठवलं आणि तिथे क्रीडागृह बांधलं. ते क्रीडागृहही आता पाडलंय.

जेवणाचं: बटाटा-चीजचे पिरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, वर लोण्यात परतलेला कांदा. शाकाहारींनी 'बेकन नको' हे दोनदा सांगावं. रात्री आम्ही शहराच्या दक्षिणेला कॅरिकमध्ये गेलो. भूतानमधून हाकललेली नेपाळीभाषक कुटुंबं २००८ नंतर त्या भागात स्थायिक झाली आहेत. दुकानदाराशी बाबा हिंदीत बोलत बसले. तो रात्रपाळीला एका गोदामात जातो म्हणाला. मग बाबांनी विचारलंच, "जेवणाला सुट्टी किती?"

"अर्धा तास," तो म्हणाला आणि मोमोंची दुसरी प्लेट पुढे सरकवली.