ताईचे अल्ब्युमिन

गेली नऊ वर्षे मी घरातील सर्वांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावून ठेवतो आहे. यंदा मे महिन्यात, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता, उन्हातून चालत धंतोलीला जाऊन मी नमुना दिला, तेव्हा एकूण प्रथिने डेसिलिटरमागे ८.२ ग्रॅम भरली. सप्टेंबरात तीच ७.४ होती. मधल्या काळात ना औषध घेतले होते, ना आहार बदलला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी झाले की प्रथिने तेवढीच राहूनही रक्तद्रव दाट होतो. नुसते पडून असलेला माणूस उठून उभा राहिला, तरी पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि हा आकडा सुमारे १० टक्क्यांनी वाढू शकतो.

पाण्याचा हा परिणाम वगळला, तरी प्रत्येक प्रथिनाची चाल निराळी असते. संसर्ग झाला की सीआरपी, म्हणजे शरीरात दाह झाल्यावर यकृत रक्तात सोडते ते प्रथिन, काही तासांतच चढू लागते, कित्येक पटींनी वाढते आणि कारण सरले की लवकर उतरते, कारण तिचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, जेमतेम १९ तासांचा असतो. रक्तद्रवात सर्वाधिक असणारे प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन; त्याचा मात्र सुमारे तीन आठवड्यांचा. मला सर्वांत थक्क करते ते लायपोप्रोटीन-ए, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एक प्रथिनयुक्त संयुग, जे नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधले. दोन निरोगी माणसांमध्ये त्याचे प्रमाण शंभरपटीहूनही अधिक वेगळे असू शकते, परंतु ते मुख्यतः जनुकांवर ठरत असल्याने एकाच माणसात जन्मभर फारसे हलत नाही.

रिपोर्टवर छापलेली रेंज बहुधा ९५ टक्के निरोगी लोकांना सामावून घेईल अशी आखलेली असते, म्हणजे वीसांतला एक धडधाकट माणूसही तिच्याबाहेर पडतो. उलट, एका माणसाचे स्वतःचे चढउतार त्या रेंजच्या मानाने पुष्कळदा फारच अरुंद असतात, आणि ही गोष्ट आम्हाला ताईमुळे कळली. तिचे अल्ब्युमिन वर्षानुवर्षे ४.६-४.७ असे, गेल्या वर्षी ते ३.८ आले. ३.५ ते ५ या रेंजमध्ये ते बसत असल्याने रिपोर्टवर कसलीही खूण नव्हती. तरीही मी जुने कागद घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ते ओळीने लावून पाहिले आणि लघवीची तपासणी सांगितली. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात होती. उपचार सुरू आहेत; दिवाळीआधीच्या तपासणीत अल्ब्युमिन ४.२ होते.