फोडणी उडते ती भिंत

हॉलच्या भिंतीचे आपण किती लाड करतो! रंगाच्या छटा, फोटोफ्रेमा, कोपऱ्यात लांबटसा दिवा. आणि तिच्याकडे बघतं कोण? बसल्यावर सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. खरी डोळ्यासमोर असते ती ओट्यामागची भिंत. चहाला उकळी येईपर्यंत, शिट्ट्या मोजताना, दुधावर पहारा देताना, पोळ्यांचा ढीग संपेस्तोवर माणूस तिच्याकडेच तोंड करून उभा असतो. तरी घराचं काम काढलं की या पट्ट्याची पाळी सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर येते. मिस्त्री सकाळी दारात उभा राहून विचारतो, “वहिनी, डॅडो किती घ्यायचा? आणि टाइल कधी येणार?” डॅडो म्हणजे ओट्यामागचा हा टाइलचा पट्टा. त्याच दिवशी संध्याकाळी आपण दुकानात.

या भिंतीची काळजी करायची वेळ तशी अलीकडेच आली. खाली बसून चुलीवर रांधायचे तेव्हा मागची भिंत काळीच असे आणि तिनं काळं असण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. चुलीला पोतेरं फिरवलं की झालं. मग उभ्याचा ओटा आला, कडाप्प्याचा. धूर गेला, गॅस आला आणि कढई भिंतीला अगदी चिकटून बसली. तेव्हा भिंतीला ऑइलपेंटचा पट्टा मारायचे, बहुतेक घरांत हिरवट नाहीतर निळसर. त्यानंतर आली सहा बाय सहाची पांढरी टाइल. ती मोरीत होती, दवाखान्यात होती, मटणाच्या दुकानात होती, तीच ओट्यामागे आली. कुणाला डिझाइन निवडायचं नव्हतं, कारण निवडायला दुसरं काही नव्हतंच.

आता आहे. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या एका दुकानात आम्ही गेलो, तर किचनसाठीच अख्खा मजला. दुकानदार सरकत्या चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या उलटत होता आणि प्रत्येक पानावर एकेक ‘कन्सेप्ट’. कन्सेप्ट म्हणजे एक फिकी टाइल, एक गडद आणि मधेमधे लावायची चित्राची, जिला हायलाइटर म्हणतात. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तिथे आता छपाईचं काम इंकजेट यंत्रं करतात, त्यामुळे भट्टीत जाण्याआधी टाइलवर काय वाट्टेल ते छापता येतं. या ‘काय वाट्टेल ते’मध्ये काय असतं ते मी नीट पाहिलं. पाण्यात पडणारं लिंबू. कॉफीचा मग आणि सांडलेल्या बिया. ऑलिव्हची डहाळी. वाइनचा पेला, शेजारी चीजचा तुकडा. लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या, त्यांच्यावर दवबिंदू. त्या मजल्यावर वांगं मात्र एकही दिसलं नाही. शेवग्याची शेंग नाही, लाल भोपळा नाही, ताटलीतली भाकरी तर नाहीच नाही. जे त्या ओट्यावर रोज शिजणार ते सोडून बाकी सगळं त्या भिंतीवर होतं. काहींवर इंग्रजीत ‘कॉफी’ असं लिहिलेलंही होतं, म्हणजे कपात काय आहे याची शंका नको.

नवऱ्याला काळी टाइल आवडली होती. ‘क्लासी’ दिसते म्हणे. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, वाळलं की पांढरे ठिपके सोडणारं. काळ्यावर त्यांची रांगोळी उठली असती आणि ती पुसायला क्लास काही आला नसता. मुलीनं मोरोक्कन नक्षी धरून ठेवली होती. सासूबाईंचं एकच वाक्य, “पांढरी घ्या, डाग दिसतात.”

दुकानदार हसला. त्याला वाटलं, आजींचा बोलण्यात गोंधळ झाला. तो लगेच खडबडीत दगडासारखी दिसणारी एक टाइल पुढे करून म्हणाला, “आजी, ही घ्या ना, हिच्यावर काही दिसतच नाही.” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून तर नको. दिसलं नाही तर पुसणार कोण?”

मला हे त्या दुकानातलं एकमेव शहाणपणाचं बोलणं वाटलं. कारण फोडणी काय करते ते ओट्याशी उभं राहणाऱ्याला माहीत असतं. तेल तापलं की मोहरीच्या पोटातल्या पाण्याची वाफ होते आणि ती तडतडून फुटते. वर धुतलेला ओला कढीपत्ता पडला की तेलाचे थेंब चहूकडे. मोठे थेंब दिसतात, ते कुणीही पुसतं. खरा त्रास त्या धुरासारख्या बारीक तेलाचा. ते भिंतीवर बसतं, हवा आणि उष्णता लागून हळूहळू घट्ट होतं आणि महिन्याभरात त्याचा असा चिकटा होतो की ओल्या फडक्याला दाद देत नाही. खडबडीत टाइलच्या प्रत्येक खाचेत हा चिकटा जाऊन बसतो, त्यावर पिठाची धूळ. वरून बघायला सुंदर दगडी भिंत. बोट फिरवून पाहावं!

दिसण्यासाठीच पांढरी, ही कल्पना फक्त सासूबाईंची नाही. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा स्थानकांच्या भिंतींना तीन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स लावल्या होत्या. जंतू, रोगराई, स्वच्छता हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. पांढरी भिंत मळली की कळते आणि धुतली की तेही कळतं. जमिनीखाली उतरायला बिचकणाऱ्या लोकांना तेवढा दिलासा पुरेसा होता. तीच विटेसारखी टाइल आज ‘सबवे’ नावानं आपल्याकडे फॅशन म्हणून विकतात. त्या मजल्यावरही ती होती, पण पिवळ्या दिव्याखाली, अंगावर मुद्दाम काढलेल्या मळकट छटांसह. म्हणजे मूळ मुद्दाच धुऊन टाकलेला.

एका नातलगांनी अन्नपूर्णेची किंवा गणपतीची टाइल मधोमध लावायला सुचवलं. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी पिंक टाकू नये म्हणून देवादिकांच्या टाइल्स लावतात, ते मी समजू शकते. पण ओट्यामागे उलटाच प्रकार व्हायचा. रोज सकाळी उठून देवाच्या अंगावर हिंग-मोहरीचं तेल उडवायचं आणि रात्री तारेच्या घासणीनं त्याचं तोंड घासायचं! तो विषय तिथेच मिटला.

शेवटी घेतली ती साधी, गुळगुळीत, किंचित हस्तिदंती झाक असलेली बारा बाय अठराची. पूर्ण पांढरी एकशे एक टक्के दवाखान्याची वाटली असती, एवढी सवलत सासूबाईंकडून मिळवली. टाइलची निवड मात्र अर्धंच काम असतं. टाइलचा वरचा थर म्हणजे काच. हळदीची काय बिशाद तिच्यात शिरायची! डाग धरतो तो दोन टाइल्समधला सांधा. तिथे पांढरं सिमेंट भरलं की ते हळद पिऊन बसतं. कुंकू करायला हळदीला चुना लावत, हे पूर्वी घराघरांत ठाऊक होतं. सिमेंटही चुन्याच्याच जातीचं, क्षारधर्मी. त्यामुळे नव्या सांध्यावर हळदीचं पाणी पडलं की डाग आधी लालसर उठतो, मग पिवळा पडून कायमचा मुक्काम करतो. साबण लावावा तर पुन्हा लाल. कपड्यावरची हळद उन्हात वाळवली की उडते; ओट्यामागे ऊन कुठून आणणार?

त्यावर उपाय आहे एपॉक्सीचा. दोन डब्यांतलं मिश्रण कालवून भरायचं, ते काही शोषत नाही. किंमत ऐकून मात्र माणूस क्षणभर बसतो. शिवाय ते भरणारा हात चटपटीत हवा, कारण टाइलवर सांडलेलं वेळीच पुसलं नाही तर तेच नवं डिझाइन होऊन बसतं. आमचा मिस्त्री आधी कुरकुरला. त्याचं म्हणणं, पेपर जॉइंट मारू, म्हणजे टाइलला टाइल भिडवून टाकू, सांधाच नको. दिसायला छान. पण टाइल्स मापात सूतभर कमीजास्त असल्या की चार ओळींनंतर रेषा वाकडी जाते. टाइल्समध्ये सारखं अंतर राखणारे दोन मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे स्पेसर आणून त्याच्या हातात ठेवले, तेव्हा “ठीक आहे, तुमच्या मनासारखं” असं तो ज्या सुरात म्हणाला, तो सुर पुण्यात घर बांधलेल्या प्रत्येकानं ऐकलेला असेल. सांध्याचा रंग राखाडी घेतला. डाग दिसावेत हे मान्य, पण सगळेच कशाला!

काम सुरू झालं त्या दिवशी मी पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट बादलीत होती. सिमेंटमध्ये बसवायच्या टाइल्स आधी पाण्यात भिजवतात. वरची बाजू काच, पण मागची भाजकी माती कमालीची तहानलेली. भिंतीच्या अशा टाइल्स वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पितात. बादलीत टाइल उभी सोडली की तिच्या पाठीतून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटतात, कान दिला तर सुंऽऽ असा आवाजही येतो. बुडबुडे थांबले की भिजली. न भिजवता लावली तर ती सिमेंटमधलंच पाणी ओढून घेते, माल कच्चा राहतो आणि टाइल पुढे पोकळ वाजते. मिस्त्री लावून झाल्यावर करणीच्या दांड्यानं प्रत्येकीवर टकटक करून ऐकत होता. एकीवर थांबला, पुन्हा वाजवली, काही न बोलता उपसून काढली आणि नव्यानं बसवली. पेपर जॉइंटचा माझा राग तिथे गेला.

मिक्सरचा प्लग नेमका दोन टाइल्सच्या सांध्यावर आला. चौकोन कापताना एक टाइल फुटली, ती बदलली. जाताना मिस्त्रीनं बजावलं, उरलेली पेटी परत करू नका, ठेवून द्या; पुढच्या लॉटमध्ये हाच रंग मिळेल असं नाही, छटा थोडी तरी फिरते. त्याचं बरोबर आहे. म्हणून ती पेटी माळ्यावर चढवली. तिथे आधीपासून जुन्या फ्लॅटच्या टाइल्सची एक पेटी आहे, द्राक्षांच्या घोसाच्या चित्रांची. तो फ्लॅट विकून बरीच वर्षं झाली, आणि नव्या मालकांनी तिथला ओटा आल्या आल्याच तोडला, असं वॉचमनकडून कळलं होतं. पेटी टाकून देऊ या, म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं, चांगल्या आहेत.”