लोणारच्या काठावरून सूर्याचे डाग

लोणारला लोक विवर बघायला जातात. आम्ही गेलो ते सूर्य बघायला. सोबत शाळेची मुलं, एक लहान दुर्बीण, तिच्या पुढच्या भिंगावर बसणारी सौर फिल्म (सूर्यप्रकाश गाळणारा फिल्टर) आणि पांढऱ्या कागदांचा गठ्ठा.

सौर वादळ म्हटलं की सगळ्यांना रंगीत आकाश आठवतं. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी लाल आकाश टिपलं होतं. विदर्भातून तसं काही दिसेल या आशेवर कोणी येऊ नये. पण ते वादळ ज्या डागांच्या समूहातून उठलं, तो पृथ्वीच्या सुमारे पंधरा पट रुंद होता आणि ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता. वादळाचा परिणाम लडाखला दिसला, त्याचं मूळ मात्र आपल्या शेताच्या बांधावरूनही बघता येत होतं. मला हेच मुलांना दाखवायचं होतं.

मेहकरहून लोणार जवळ आहे. नागपूरकडून येणाऱ्यांनी समृद्धी महामार्ग मेहकरला सोडावा. दुर्बीण विवराच्या तळाशी नेऊ नका. तिथे कड्यांमुळे ऊन उशिरा पोचतं, आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पूर्व मोकळी असलेली काठावरची जागा धरा. साडेसात ते साडेनऊ ही उत्तम वेळ. त्यानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि डागांच्या कडा पुसट होतात.

फिल्टर कायम दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा. डोळ्याच्या बाजूला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो, तो वापरूच नका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतलं काहीही चालत नाही. मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही टोपण घाला, मुलं हटकून त्यातून डोकावतात. फिल्म नसेल तर सूर्याची प्रतिमा कागदावर पाडा आणि दुर्बिणीपाशी एक मोठं माणूस सतत उभं ठेवा.

कागदावर पंधरा सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच काढून न्या. डाग जागच्या जागी टिपा. समूहांची संख्या गुणिले दहा, त्यात समूहांतले धरून सगळ्या डागांची एकूण संख्या मिळवा, की झाला त्या दिवसाचा सूर्यडाग अंक. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चित्र काढलंत तर डाग सरकलेले दिसतील. एका कडेला उगवलेला समूह दुसऱ्या कडेला पोचायला सुमारे तेरा दिवस घेतो, म्हणून उरलेली चित्रं घरी काढा.

शेजारच्या शेतातले एक काका बराच वेळ बघत होते. "सूर्याले डाग पडले त कपाशीले काय होते भाऊ?"

कपाशीला काही होत नाही. पण फवारणीचा ड्रोन आणि जमीन मोजणीचं रोव्हर यंत्र उपग्रहांच्या संदेशावर चालतात, आणि ते संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतात. वादळात तिथली घनता बदलते, जागेचं गणित चुकू शकतं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर, आपल्या अक्षांशांवर वादळ नसतानाही संदेश डळमळू शकतो. ड्रोन सकाळी उडवा, एवढंच त्यांना सांगितलं.

सौर वादळाचा अंदाज कसा वाचायचा? डागांवरून स्फोटाची शक्यता कळते. सूर्यातून फेकला जाणारा चुंबकीय ढग निघालाच तर तो बहुधा एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतो, आणि येण्याची वेळ कित्येक तासांनी चुकू शकते. खरी मेख ढगातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत आहे. ते दक्षिणेकडे असलं तर वादळ भडकतं, उत्तरेकडे असलं तर बरंचसं टळतं. ही दिशा पक्की कळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी, म्हणजे जेमतेम अर्धा-एक तास आधी. आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत तयार झाली, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे उजळले. चुंबकीय वादळाची तीव्रता सांगणाऱ्या केपी निर्देशांकाचे तीन-तीन तासांचे गट जागतिक वेळेत असतात. साडेपाच तास मिळवा: पहिला गट आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो.

होकायंत्र न्याच, पण वादळ मोजायला नाही. मोठ्या मारुतीच्या देवळात, पुजाऱ्यांची परवानगी घेऊन, ते मूर्तीच्या दगडाजवळ धरलं की सुई ढळते. लोणारचा काळा पाषाणच चुंबकित आहे. उलट मे २०२४ च्या वादळात विषुववृत्तालगतचं पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलं. आपल्याकडे ते चाळीस हजारांच्या थोडं खाली असतं, म्हणजे फरक एका टक्क्याचा. तो सुईला जाणवत नाही, फोनच्या ॲपलाही नाही. त्यासाठी वेधशाळा लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८५९ च्या वादळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हललं. आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरातही आहे.

मार्चचा पहिला पंधरवडा साधा. आकाश बहुधा स्वच्छ असतं, आणि विषुवदिनाच्या आसपास वादळांचं प्रमाणही वाढतं. पाणी भरपूर न्या. अंदाजाची पानं निघण्याआधीच फोनवर जतन करून ठेवा.