विषय नको, बंधन हवं

मंगळवार, रात्री

रोज काहीतरी लिहायचं म्हणून बसलं की आधी विषयाची शोधाशोध सुरू होते आणि वेळ तिथेच जातो. 'पावसाळ्यातली संध्याकाळ', 'आजीची पेटी' असे विषय पुरवणाऱ्या याद्या ढिगाने मिळतात. माझं त्यांच्याबद्दल मत वाईट आहे. असा विषय हातात आला की शाळेतला निबंध जागा होतो. पडक्या किल्ल्याचं मनोगत अख्ख्या वर्गाचं सारखंच निघायचं, तशी ही संध्याकाळही सगळ्यांची सारखीच निघते: मृद्गंध, वाफाळता चहा, कांदाभजी. सरावाला विषय कुठलाही चालतो, समोरची कुंडीसुद्धा. हवी असते ती अडचण. एका वेळी एकच, आणि आठवडाभर तीच.

या आठवड्याचं बंधन: एकही वाक्य होता-होती-होतंवर संपवायचं नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात लिहिताना दर वाक्याच्या टोकाला तोच ठोका पडतो. 'बाल्कनीत एक कुंडी होती. तिच्यात तुळस होती. माती सुकली होती. पानं गळत होती.' चूक काहीच नाही, पण वाचणारा चौथ्या वाक्याला पेंगतो. आता होती काढून टाकायची: 'बाल्कनीतल्या तुळशीची माती ठणठणीत कोरडी. बोट खुपसलं तर नखापुरतंच आत गेलं. पानं गळून जाळीपाशी साचलेली; वारा आला की खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर.' बोट आणि चादर पहिल्या मसुद्यात नव्हतीच. 'होती' म्हटलं की वस्तू आहे एवढं सांगून सुटता येतं. ती सोय काढून घेतली की काय घडलं हे बघावं लागतं. मात्र सगळीच वाक्यं क्रियापदाविना तोडली तर मजकूर जाहिरातीसारखा वाजायला लागतो. दोन तुटक वाक्यांमागे एक पूर्ण क्रियापदाचं वाक्य, एवढं प्रमाण सांभाळलं की पुरे.

वेळ पंधरा मिनिटं. तीन मिनिटं नुसतं बघायला, दहा लिहायला, शेवटची दोन वाचून बंधन जिथे मोडलं तिथे खूण करायला. खाडाखोड तेव्हा करायची नाही. लाँगबुक घ्यावं, उजव्या पानावर लिहावं आणि डावं कोरं ठेवावं. पंधरा दिवसांनी उघडून त्याच परिच्छेदाची दुरुस्ती डाव्या पानावर करायची. दुसऱ्याच दिवशी वाचलं तर सगळं टाकाऊ वाटतं किंवा सगळं थोर वाटतं. दोन्हींचा उपयोग नाही. फोनवरचा गजर लावू नये, कारण गजर बंद करायला उचललेला फोन लगेच खाली ठेवला जात नाही. स्वयंपाकघरातलं टायमर उत्तम.

पहिले दोन-तीन दिवस तयार शब्दांवर निभावतं. मग ते संपतात, लिहिणं कंटाळवाणं होतं आणि बंधन बदलावंसं वाटतं. तिथे बदलू नये, कामाचा मजकूर त्यानंतरच यायला लागतो. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायचा नियम केला की थकबाकी वाढत जाते आणि वही कपाटात जाते.

गद्याचा कंटाळा आला की एक आठवडा मोठा अभंग घ्यावा. मोजमाप सोपं आहे: चार चरण, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं.

नळाचे ते पाणी । पहाटेच येई ।
हंडा भरे आई । झोपेतच ॥

बावीस अक्षरं भरली, पण 'ते' निव्वळ भरतीचं आहे. या सरावातली नेहमीची लबाडी हीच: ते, की, हो, रे घालून आकडा पुरा करायचा. इथे 'पालिकेचे पाणी' केलं तरी सहाच अक्षरं होतात आणि भरती जाऊन गाव दिसायला लागतं. भक्तीचे शब्द मात्र या छंदात आपोआप ओघळतात, म्हणून विषय मुद्दाम नळ, वीजबिल, लोकल असे घ्यावेत.

संवादाचा एक सराव मला सगळ्यांत आवडतो. दहा ओळींचं बोलणं लिहायचं, त्यात मध्येच कुठेतरी संबोधन बदलायचं. राग, दुरावा, संकोच असला एकही शब्द वापरायचा नाही. भाचा सहा ओळी 'अरे मामा, बस की' असं बोलतोय. सातव्या ओळीला कागद पुढे येतात आणि तो म्हणतो, 'मामा, तुम्ही इथे सही करा.' वेगळं काही सांगावं लागत नाही. उलटा बदलही करून बघावा, तुम्हीवरून तूवर. तो जास्त अवघड, कारण चुकला तर प्रेमाच्या जागी उद्धटपणा ऐकू येतो. आणि तू की तुम्ही हे ठरलेलंच नसलं की माणसं 'चहा घ्यायचा ना?' असं विचारून दोन्ही टाळतात. नव्या सुनेच्या किंवा वयाने लहान साहेबाच्या प्रसंगात ही टाळाटाळ दहा ओळी टिकवून दाखवणं हा स्वतंत्र आठवड्याचा ऐवज आहे.

बोलीत लिहायचा मोह इथे होतो. रोज कानावर पडत असेल तर लिहावी. नाहीतर चार ठिकाणी 'नव्हं' आणि 'व्हय' पेरून पात्र गावचं होत नाही.

बंधन मोडल्याच्या खुणा सलग तीन दिवस पडल्या नाहीत की ते जिरलं समजावं आणि पुढचं घ्यावं. सोमवारपासून वास: रोज एका जागेचा, दीडशे शब्दांत. सुगंध, दरवळ, घमघमाट, कुबट हे चारही शब्द बंद. पहिली जागा पिठाची गिरणी, दळण चालू असताना.