संस्थेला दोन नावं लागतात: ग्राहक सहकारी संस्थेच्या नामकरणाचा अनुभव

धान्य-किराण्याची ग्राहक सहकारी संस्था काढायची ठरली आणि आम्ही सभासदांकडून नावांच्या चिठ्ठ्या मागवल्या. पहिली चूक तिथेच झाली. नावं दोन लागतात, एक प्रमाणपत्रावरचं आणि एक लोकांच्या तोंडातलं, हे आधी ठरवायला हवं होतं. नायगावात 1948 साली सुरू झालेल्या भांडाराचं कागदावरचं नाव 'मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ' आहे. गिऱ्हाईक मात्र 'अपना बाजार'मध्ये जातं. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचं दूध कुणी मागत नाही, 'गोकुळ' मागतात. चिठ्ठ्यांमध्ये ही दोन्ही प्रकारची नावं एकत्र आली की वाद नुसता लांबतो.

कागदावरचं नाव साच्यातलं असतं. एक ओळखीचा शब्द, मग 'ग्राहक सहकारी संस्था', शेवटी 'मर्यादित', आणि गाव. सभासदांचं दायित्व (देण्याची जबाबदारी) मर्यादित असेल तर गावाआधीचा तो शब्द कायद्याने लागतोच. जात किंवा धर्मपंथ सुचवणारा शब्द टाळा. थोर पुरुषांची नावं सुचतातच, पण बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराविरुद्धच्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत. व्यापारासाठी ती वापरण्याच्या भानगडीत पडू नका. पेठेचं किंवा वस्तीचं नाव घालण्याआधी कार्यक्षेत्राचा विचार करा. उद्या दुसऱ्या वस्तीत शाखा काढली तर तिथल्या लोकांना ते दुकान परकंच वाटणार.

खरा वेळ बोलायच्या नावावर घालवावा. लिज्जतनेही 1962 मध्ये नावासाठी स्पर्धाच घेतली होती, बक्षीस पाच रुपये. आमच्याकडे चिठ्ठ्यांत चांगले, घरगुती शब्द आले आणि एकेक करून पडले. 'कणगी' घाटावरच्यांना आवडलं, कारण त्यांच्या डोळ्यासमोर शेणाने सारवलेली धान्याची कणगी. कोकणातल्या सभासदांना मात्र उकडून खायचा कंद आठवला. 'मूठ' म्हटलं की मूठभर धान्य आठवायला हवं, पण अर्ध्या खोलीला मूठ मारणं आठवलं. 'घास' मराठीत गोड. माल आणणारा टेम्पोवाला हिंदीत वाचतो तेव्हा ते गवत होतं. 'सूप' रोमन अक्षरांत लिहिलं की टोमॅटोचं. 'पायली'वर तर पहिलाच प्रश्न आला, मग पायलीने देणार का?

या चाचण्या लिहून घ्या, खोलीत बसून वाद घालण्यापेक्षा त्या लवकर निकाल देतात. गर्दीच्या रस्त्यावरून फोन लावायचा, नाव एकदाच सांगायचं आणि पलीकडच्याला लिहायला लावायचं. पाचांपैकी दोघांनी चुकीचं लिहिलं तर नाव बाद. मग तेच रोमन अक्षरांत लिहून, मराठी न येणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. 'पसा' तिथे 'पासा' झाला. शेवटी अर्धा किलो पोह्यांच्या पिशवीचं चार बाय दोन इंची लेबल छापून पाहायचं. त्यावर पॅक करणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, वजन, किंमत, तारीख आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक बसवायचा असतो. साठ अक्षरांचं संस्थेचं नाव तिथे मुंगीएवढं होतं, आणि लांब नावाची किंमत तेव्हा कळते.

मतदान साधं हात वर करून घेऊ नका. चार नावांना 40 पैकी 13, 11, 9 आणि 7 मतं पडली, तर जिंकलेलं नाव 27 जणांनी निवडलेलंच नसतं. आम्ही आधी नकाराची फेरी घेतली: प्रत्येकाने जे अजिबात नको ते एकच नाव खोडायचं. जास्त खोडलेली नावं गेल्यावर उरलेल्या तीन नावांना प्रत्येकाने पसंतीक्रम दिला. दीड तासात झालं. (विजेतं नाव इथे देत नाही, ट्रेडमार्कचा अर्ज अजून प्रलंबित आहे.)

ठरावात नाव देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत, अक्षर न् अक्षर लिहा, आणि पर्यायी दोन नावं क्रमाने जोडा. पहिलं नाव दुसऱ्या संस्थेच्या नावाशी मिळतंजुळतं निघालं तर मुख्य प्रवर्तकाला (संस्था काढायला पुढाकार घेणाऱ्यांच्या प्रमुखाला) पुन्हा सभा बोलवायला लागू नये. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा प्रवर्तक लागतात. उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयातून नाव राखून ठेवल्याचं आणि बँक खातं उघडण्याच्या परवानगीचं पत्र मिळतं. त्यावरची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर मांडा. नोंदणी होईपर्यंत पिशव्या, फलक, पावतीपुस्तक कशावरही 'सहकारी' छापू नका. नोंदणी नसलेल्याने तो शब्द व्यवसायाच्या नावात वापरायला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 145 ची मनाई आहे.

सगळ्यात जास्त त्रास इंग्रजी स्पेलिंगने दिला. प्रमाणपत्र मराठीत, बँकेने खात्याला 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड' केलं, पॅनच्या अर्जात कुणीतरी 'सहकारी संस्था मर्यादित' तसंच रोमनमध्ये उतरवलं. जीएसटीचा अर्ज पॅनवरच्या नावाशी ताडला जातो, त्यामुळे तो अडकला. चेकही परत आला. ठरावातलं रोमन रूप छापून प्रत्येक अर्जाला जोडत गेलो असतो तर हे टळलं असतं. नाव बदलायचं तर सहकारी संस्था अधिनियमाच्याच कलम 15 खाली सर्वसाधारण सभेचा ठराव, निबंधकांची मान्यता, उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) दुरुस्ती, राजपत्रात प्रसिद्धी, आणि मूळ प्रमाणपत्र दुरुस्तीला पाठवणं, एवढं सगळं करावं लागतं.

बोलायचं नाव ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात उच्चारानुसारही पाहा. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे क्रमांकाने वर्ग केलेले आहेत: तांदूळ, पीठ, मसाले वर्ग 30 मध्ये, प्रक्रिया न केलेलं धान्य 31 मध्ये, दुकान म्हणून सेवा 35 मध्ये. 'शुद्ध धान्य' असलं वर्णनात्मक नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली अडतं. ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी 9,000 रुपये. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना 4,500. पैसे एकाच वर्गाचे असतील तर आधी 35 घ्या. दुकानाचा फलक रंगवताना मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान ठेवू नका, आणि रबरी शिक्का प्रमाणपत्र हातात आल्यावरच करायला टाका. आमचा पहिला शिक्का 'मर्यादित'मधल्या ऱ्हस्व-दीर्घासकट वाया गेला.