सायक्लोपेंटानोपरहायड्रोफेनॅन्थ्रीन एका दमात! (आणि बाकीची प्रगती)

तर मंडळी, रसायनांची लांबलचक नावं एका दमात म्हणायचा माझा सराव चालूच आहे, आणि डीडीटी या कीटकनाशकाचं पूर्ण नाव आता झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. डाय-क्लो-रो, डाय-फे-निल, ट्राय-क्लो-रो, ई-थेन. तीन-तीन-तीन-दोन. चक्क दादऱ्यात (सहा मात्रांचा ताल, दोन आवर्तनं) बसतं, फक्त शेवटची मात्रा रिकामी सोडायची, बोटं मोजत म्हणून बघा एकदा.

या खेपेला खरा वेळ खाल्ला तो स्टेरॉइडच्या सांगाड्याने, म्हणजे वर शीर्षकात आहे त्या नावाने. अर्थाने तोडलं तर सोपंय, सायक्लोपेंटानो म्हणजे पाच कार्बनचं कडं, परहायड्रो म्हणजे हायड्रोजन ठासून भरलेला, आणि फेनॅन्थ्रीन म्हणजे एकमेकांना चिकटलेली तीन कडी, झाली चार कडी, कार्बन मोजले तर १७. पण जिभेला हे जोड मान्यच नाहीत! कागदावर फेन + अँथ्रीन, तोंडात मात्र फे-नॅन्-थ्रीन, म्हणजे न पुढच्या तुकड्यात उडी मारतो. म्हणून मी आता प्रत्येक नाव दोनदा तोडतो, आधी पेनने केमिस्ट्रीच्या जोडांवर, मग पेन्सिलने जीभ जिथे थांबते तिथे, आणि पाठ करताना पेन्सिलच ऐकायची.

दुसरं म्हणजे शेवटाकडून सुरुवात. आधी नुसतं थ्रीन, मग नॅन्थ्रीन, फेनॅन्थ्रीन, हायड्रोफेनॅन्थ्रीन असं मागे मागे जायचं. फायदा असा की पुढचा भाग नेहमी ओळखीचा असतो, दम सुटायच्या वेळी नवीन काही येत नाही. पुढून पाठ केलं की सुरुवात झकास आणि शेपूट गुळगुळीत, हे सगळ्यांचंच होतं बहुतेक.

ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) अजून अडतंय. एथिलीन-डायअमीन-टेट्रा-ॲसिटिक, यातला टेट्राचा आ आणि ॲसिटिकचा ॲ शेजारी आले की वेग वाढताच टेट्रासिटिक होऊन जातं. मधे अगदी बारीक थांबा घेतला तर जमतं, पण मग लय मोडते. कोणाकडे उपाय असेल तर सांगा ना.

बाकी टायटिनचं (स्नायूंतलं एक प्रचंड प्रथिन) इंग्रजीतलं १,८९,८१९ अक्षरांचं नाव मला कोणी सुचवू नका प्लीज. मेथिओनिलथ्रिओनिलथ्रिओनिल करत नुसती अमिनो ॲसिडची रांग आहे ती, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा इल वर संपतो, त्यात फक्त घसा लागतो.

पुढचं टार्गेट हेक्साडेसिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड. मिथिल आणि अमोनियमच्या सांध्यावर आत्तापासूनच पेन्सिल फिरतेय.