आठची ओव्हर

मार्चमधली नाइट होती. मेडिकल वॉर्डात २८ पेशंट आणि आम्ही दोघी. पहाटे साडेपाचला चौदा नंबरच्या आजी गेल्या. रात्री इंजेक्शन देताना त्यांनीच मला विचारलं होतं, "जेवलीस काय गं बाळ?" त्या गेल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आता कागद करायचे, बॉडी पॅक करायची, सहाची सॅम्पल्स राहिलीत, आठची ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या हाती पेशंट सोपवणं, लांबणार. आजींचा मुलगा माझ्यासमोर रडत होता आणि मी घड्याळ बघत होते.

घरी जाताना कोल्हापूरच्या दसरा चौकात रिक्षा थांबली, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. भीतीच वाटली. अकरा वर्षं नर्स आहे, पण अशी मी नव्हते.

दमणं मला माहीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, पुढच्या शिफ्टच्या मुली पोचू शकल्या नाहीत. तीन दिवस आम्ही चौघी दवाखान्यातच होतो, आळीपाळीनं दोन-दोन तास झोपत. पाय सुजले होते. पण पाणी उतरलं, घरी जाऊन झोपले आणि उठल्यावर मी पुन्हा माझी मी होते. आता सुट्टीत दहा तास झोपूनही तसं होत नाही. घरी लेकीनं दुसऱ्यांदा हाक मारली तरी अंगावर काटा येतो, कारण दिवसभर "ओ सिस्टर, सलाईन संपलं बघा की" हेच कानात असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. थकवा, कामापासून मनानं तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. मधलं वाचताना मला चौदा नंबरची कॉट दिसली.

योगा कर, असं सगळे सांगतात. करीन. पण भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत साध्या रुग्णालयाच्या वॉर्डासाठी पाच पेशंटमागे एक नर्स धरलेली आहे, आणि त्या रात्री माझ्या वाट्याला चौदा होते. चौदा जणांची औषधं वेळेवर द्यायची म्हटलं, तर आजींजवळ दोन मिनिटं बसायची कुठून? मॅनेजमेंटला आम्ही सात जणींनी लेखी दिलंय: रात्री तिसरी नर्स हवी, आणि नाइट उतरल्यावर त्याच दिवशी पुन्हा बोलवू नका. उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नवीन मुलीचा पहिला पेशंट गेला. ती स्टोअररूममध्ये रडत होती. कुणीतरी म्हणालं, "होईल सवय." मी तिला म्हटलं, रड तू, बस इथंच. तिचे पेशंट मी घेतले. ओव्हर संपायला पावणेनऊ झाले.